थेंबभरही न गळणारा गमबूट

मित्रांनो, मी डाव्या पायाचा एक जुना गमबूट आहे. माझा उजवा जोडीदार तळ्याच्या गाळात पडला आहे. तो तिथे कसा गेला हे आठवले, की अजूनही माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

आमचा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. पायाच्या आकाराच्या साच्यावर गरम रबराचे तुकडे एकावर एक चढवले आणि आम्हाला भट्टीत चांगले भाजून काढले. तपासणीच्या टेबलामागे एक चष्मेवाल्या बाई बसत. त्यांनी आमच्यात हवा भरून आम्हाला पाण्याच्या टाकीत दाबले. एकही बुडबुडा वर आला नाही. "थेंबभर गळायचे नाहीत," असे म्हणून त्यांनी आमच्यावर शिक्का मारला. तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे फुशारकी मारत जगलो.

आमची मालकीण रोपवाटिकेत काम करी. काळ्या पिशव्यांत माती भरायची, वाफ्यांना पाणी सोडायचे, कलमांच्या ओळी लावायच्या. दिवसभर पायाखाली राड. इतर बायकांच्या बोटांना चिखल्या होत. आमची मालकीण मात्र जेवणाच्या सुट्टीत पाय बाहेर काढून सगळ्यांना दाखवी. "बघा, कसे कोरडे ठणठणीत! माझे बूट म्हणजे माझे दोन भाऊच." हे ऐकून माझी छाती फुगे. बुटाला छाती नसते हे मला माहीत आहे, पण फुगे.

मालकिणीला एक मोठी नणंद होती. मालकीण तिला 'वन्सं' म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो. वन्सं औषधांच्या दुकानात कामाला होत्या. तळ्यावर त्यांची दोन माणसांची वल्ह्यांची छोटी नाव होती. सुट्टीच्या दिवशी दोघी नणंदा-भावजया तिच्यातून फिरायला जात. औषध देताना जेवढी काळजी, तेवढीच वन्सं पायांचीही घेत. त्यांच्या दाराशी फळीवर नावेची पादत्राणे वेगळी मांडलेली असत. उन्हाच्या दिवसांत पातळ तळाचे कापडी बूट, कारण तापलेल्या फळ्यांवर अनवाणी पाय ठरत नाही. उबदार हवेत रिमझिम असली, तर मागे पट्टा असलेले सँडल, म्हणजे पाणी आले तसे निघून जाते. गारठ्यात घोट्यावर घट्ट बसणारे मऊ बूट आणि आत लोकरी मोजे. साध्या चपलांना नावेत बंदी होती. चप्पल पाण्यात गेली की माणूस तिच्यामागे वाकतो, आणि मग दोघेही जातात, असे त्या म्हणत.

मालकीण हसायची. "नावेत बसायला एवढं सोंग? नवरीसुद्धा एवढे जोड बदलत नाही, वन्सं!" मात्र गारठ्याच्या दिवशी ती नावेत फारशी जातच नसे, त्यामुळे तिच्या साध्या सँडलवर भागून जाई.

एका रविवारी आभाळ भरून आले होते. बारीक पाऊस होता आणि वारा बोचत होता. रोपवाटिकेतले तातडीचे काम उरकून मालकीण तशीच तळ्यावर आली. पायांत आम्ही होतो.

वन्संनी आमच्याकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, हे काढ. माझे जुने मऊ बूट देते."

"तुमचा पाय केवढासा! माझी बोटंच आत जायची नाहीत. आणि हे काय वाईट आहेत? थेंबभर पाणी शिरत नाही."

"शिरत नाही, मान्य. पण वरून शिरलं, तर बाहेर कुठून जाणार?"

मित्रांनो, मला त्या प्रश्नाचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत कुणी माझ्यावर असा संशय घेतला नव्हता.

"वरून कसं शिरेल? मी काय तळ्यात उडी मारणार आहे?" मालकीण म्हणाली.

वन्संनी आभाळाकडे पाहिले, तळ्याकडे पाहिले आणि सुस्कारा सोडला. "बरं, चल. पण जाकीट घातल्याशिवाय नाव सोडणार नाही." त्यांनी मालकिणीच्या अंगात तरंगणारे जाकीट घातले आणि त्याचे बंद स्वतः आवळले.

तळ्याच्या मध्यावर वल्हवण्याची पाळी बदलायची होती. मालकीण जागेवरून उठली. माझ्या तळाच्या खाचांत रोपवाटिकेचा चिखल गच्च भरलेला, फळी ओली, आणि त्याच क्षणी वाऱ्याने नाव हलवली. माझा तळ लोण्यावरून घसरावा तसा घसरला. मालकीण पाठीवरच पाण्यात पडली.

मग काय झाले ते ऐका. थंडगार पाणी माझ्या उघड्या तोंडातून आत कोसळले. नळीभर, टाचेपर्यंत, बोटांपर्यंत. मी त्याला अडवू शकलो नाही. मला फक्त बाहेरचे पाणी बाहेर ठेवता येत होते. आत आलेले पाणी मी तितक्याच इमानाने आत धरून ठेवले.

जाकिटामुळे मालकिणीचे डोके वर राहिले. ती पाय मारू पाहत होती, पण आम्ही दोघे पाण्यात रुंद फळ्यांसारखे अडत होतो.

"माझ्याकडे बघ!" वन्सं ओरडल्या. "जाकीट आहे, बुडणार नाहीस. बाजूला लटकू नकोस, नाव कलंडेल. मागून ये!"

मालकिणीने नावेच्या मागचा काठ धरला, छाती वर ओढली. तोवर माझे वजन तिला फारसे कळले नव्हते. पाय पाण्याबाहेर निघू लागला तेव्हा आतल्या सगळ्या पाण्याचे ओझे एकदम तिच्या गुडघ्याला लोंबले. ती परत खाली घसरली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. तिची हनुवटी काठावर आपटली. ओठ निळे पडले होते.

"वन्सं, पाय वर येत नाहीत!" ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "खालून कुणीतरी धरलंय मला!"

तो 'कुणीतरी' मी होतो. तिचा भाऊ.

"बूट आहेत ते, बूट! एका पायाने दुसऱ्याची टाच दाब. काढून टाक!"

मालकिणीने माझ्या तळाने उजव्याची टाच दाबली. ओले मोजे आत फुगून बसले होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उजवा सुटला. त्याचे काळे तोंड मला क्षणभर दिसले आणि तो निमूट खाली गेला. मी मात्र सुटेना. वन्संनी गुडघे टेकून तिच्या जाकिटाचे पट्टे घट्ट धरले. "एक पाय मोकळा आहे ना? मार लाथ! आत्ता!" मालकिणीने मोकळा पाय जिवाच्या आकांताने मारला, पोटावर नावेत आली, आणि वन्संनी मला टाचेला धरून आत ओढले. मी उलटा झालो. माझ्यातले पाणी भसाभसा दोघींच्या अंगावर सांडले. एवढ्या वेळात त्यातला एक थेंबही गळला नव्हता.

परतताना वन्संच वल्हवत होत्या. काठावर मालकिणीला चादरीत गुंडाळल्यावर त्या मटकन खाली बसल्या.

"मी तुला जाऊच का दिलं?"

"तुम्ही सांगितलं होतं की, वन्सं."

"सांगितलं होतं. आणि मग 'चल'ही मीच म्हणाले."

त्यानंतर कितीतरी दिवस मी न्हाणीघरामागे पडून होतो. मालकीण तिथून जाताना मान वळवी. जोड मोडलेला बूट कोण घालणार? माझ्यात पानांचा कचरा साचला. शिव्या दिल्या असत्या तरी चालले असते, पण ती माझ्याकडे बघतही नसे.

महिन्याभराने ती स्वतःच्या मापाचे मऊ बूट घेऊन आली. दुकानात तिने लोकरी मोजा घालूनच माप पाहिले होते, तळ वाकवून पाहिला होता, आणि बूट हाताच्या एका ओढीने निघतो का हेही पाहिले होते. दुकानदार वैतागला म्हणे. मग ती वन्संबरोबर पुन्हा तळ्यावर गेली आणि जाताना मलाही घेऊन गेली.

आता माझा मुक्काम तळ्याच्या धक्क्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारी आहे. परवा जाड चामड्याचे उंच बूट घातलेले एक गृहस्थ नावेतून फिरायला आले; वन्संनी त्यांना बूट काढायला सांगितले. "आम्हाला पोहता येतं," ते म्हणाले.

"छान," वन्सं म्हणाल्या. "मग एवढं करा. हा बूट घाला, फळीवर बसा आणि पाय वर करा."

ते माझ्यात पाय घालून हसत बसले. मालकिणीने तांब्याने मला काठोकाठ भरले. ते काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. गृहस्थांनी पाय उचलला. वीतभर वर आला आणि धपकन खाली बसला. त्यांचे हसू थांबले. त्यांनी मालकिणीच्या हनुवटीवरचा व्रण पाहिला आणि वाकून दुसऱ्या बुटाच्या नाड्या सोडू लागले.

मित्रांनो, चिखलात मला खुशाल न्या, धुऊन-पुसून ठेवा, मी जीव ओतून काम करीन. पण नावेत पाऊल टाकण्याआधी हवा पाहा, आणि मग आपल्या पायांकडेही एकदा पाहा. कुणी "हे काढ" म्हणाले, तर वाद घालू नका. आणि म्हणणारे तुम्ही असाल, तर समोरचा काढेपर्यंत नाव सोडू नका.