मास्तरांनी अर्धा सांगितलेला स्पेन

दौलतराव मास्तरांचं डोकं रात्रीपासून तापलं होतं. हिरालालचा तर राग होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःचा होता, आणि तोच सोसवत नव्हता.

कारंज्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारे मास्तर उन्हाळ्याच्या सुटीत कामरगावला घरी आले, की संध्याकाळी मारुतीच्या पारावर मंडळी त्यांना घेरायची. यंदा त्यांनी स्पेन काढला. समुद्र ओलांडून आलेले मुसलमान, त्यांची शेकडो वर्षांची राज्यं, उत्तरेच्या डोंगरात तग धरून राहिलेले ख्रिस्ती राजे. मग तोलेदो पडलं, कोर्दोबा पडलं, वालेन्सिया पडलं. लढाया सांगताना मास्तरांना चेव यायचा. वालेन्सियाच्या वेशीवर ख्रिस्ती राजाचं निशाण चढलं तिथं टाळ्या पडल्या, आणि मास्तरांनी गोष्ट तिथंच आवरली. टाळ्या पडल्यावर पुढचं कोण सांगत बसतो?

निजामाच्या सरहद्दीवरची रझाकारी संपून पाच-सहा वर्षंच झाली होती. पारावर कोणाच्या डोक्यात काय शिजतंय हे शिकल्यासवरल्या माणसानं ओळखायला हवं होतं. मास्तरांना टाळ्यांपुढे काही दिसलं नाही.

मळ्यात सात घरांची मिळून एक विहीर होती. सात घरं, सात वार. सोमवार मास्तरांच्या घरचा. शेती त्यांचा धाकटा भाऊ पुंजाजी पाहायचा. मंगळवार रहेमतबीचा, बुधवार हिरालालचा. रिवाज असा, की ज्याचा वार संपला त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्याच्या पाटात पहिली मोट आपल्या हातानं ओतायची. ती ओतली की पाणी पुढच्याचं. मग ब्रह्मदेव आला तरी ते फिरवायचं नाही. रहेमतबीचा नवरा गेल्या पावसाळ्यात वारला होता. वांगी-मिरचीचा एक तुकडा आणि पाण्याचा हा एक वार, एवढ्यावर ती बाई तगून होती.

सोमवारी रात्री जेवताना पुंजाजीनं सांगितलं, की मंगळवार आता हिरालालला द्यायचं पंचांनी ठरवलं.

"कायच्यावरून?" मास्तरांचा घास हातातच राहिला.

"हिरालाल म्हने, राज्य बदललं का पानी बी बदलते. स्पेनात तसंच झालं, मास्तरानंच सांगतलं. पंचाइले पटलं. मी काय करू?"

मास्तर ताटावरून उठले ते परत बसलेच नाहीत.

सकाळी विहिरीवर हिरालाल फावडं घेऊन हजर होता. पुंजाजीनं बैल जुंपले होते. पलीकडे वांग्यांच्या वाफ्यापाशी रहेमतबी डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"मास्तर, बाजूले व्हा. पंचाचं ठरलं हाय."

"माह्या नावावर ठरवलं ना तू? मंग पुढचं बी माह्याच तोंडून आइक." मास्तर पाटात आडवे उभे राहिले. "वालेन्सिया जिकलेल्या त्याच राजानं लिहून देल्लं, का मुसलमानाच्या वक्ती पाटाचं पानी जसं चाले तसंच चालन. जुनी मशीद होती त्या जागी चर्च झालं, पन पान्याचे पंच आजबी दर गुरुवारी त्याच्याच दारात बसतात."

हिरालालनं फावडं टेकवलं. "आन ते मुसलमान? हायत का आज तथी?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. मास्तरांना ते जमलं नाही. "नाई. पावनेचारशे वर्सानं त्याइले जहाजात घालून हाकललं."

"मंग झालं त. आपुन जरा लवकर करून राह्यलो, येवढंच."

पुंजाजी हसला. सख्खा भाऊ हसला, आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हाकलल्यावर काय झालं ते पूस. गावंच्या गावं ओस पडली. जमीनदार मानसं धुंडत फिरले."

"ते त्याइचं त्याइनं पाह्यलं. माह्या कांद्याले पानी पाह्यजे."

एवढंच होतं तर. याला ना राजा हवा होता ना स्पेन. हवं होतं शेजारणीचं पाणी, आणि ते ओढायला नाडा मास्तरांनी पुरवला होता. मास्तरांनी पुंजाजीच्या हातातला चाबूक हिसकला आणि बैल धावेच्या उतारावर हाकले. कैक वर्षांत मोट न हाकलेला माणूस; अर्धं पाणी विहिरीतच सांडलं. उरलेलं पाटात आलं तसं मास्तरांनी हिरालालकडे जाणाऱ्या पाटाचं तोंड पायानं माती लोटून बुजवलं. पाणी रहेमतबीच्या वांग्यांकडे वळलं.

हिरालालनं फावडं उचललं.

"नको," पुंजाजी खालच्या आवाजात म्हणाला. "वतलेली मोट हाय, हिरालाल."

हिरालाल थुंकला. "हप्त्याभरानं पाहू," म्हणाला आणि निघून गेला.

रहेमतबी जवळ आली. तिनं आभार मानले नाहीत. तिच्या डोळ्यांत जो राग होता, त्यापुढे मास्तरांचा राग पोरकट होता.

"मास्तरसाब, गोस्ट कुठी थांबवाव हे तुमाले समजलं नाई. आता शाळा उघडन, तुमी कारंज्याले जासान. मंग माह्यी मोट कोन वतन?"

पुंजाजीचं नाव मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी भावाकडे पाहिलं. पुंजाजी बैलांच्या मानेवरचं जू उगाच सारखं करत होता, मान वर करत नव्हता. मास्तरांनी ते नाव घेतलं नाही. शाळा उघडायला पाच मंगळवार उरले होते.