पालथा पाव

दिवे मालवताच ओदने आईच्या मांडीवरची पर्स उचलून स्वतःकडे घेतली. मध्येच उठून जायचं मनात आलं, तरी पर्स टाकून म्हातारी जाणार नाही, एवढी तजवीज तिने केली होती.

गावातलं एकुलतं चित्रपटगृह भरलं होतं. ओदच्या कादंबरीच्या आत्म्याशी आपण प्रामाणिक राहिलो आहोत, असं दिग्दर्शकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं. म्हणजे बाकी सगळं बदललं होतं. शेळ्यांच्या जागी घोडे आले होते आणि ओदच्या जागी एक सडपातळ, सतत सिगारेट ओढणारी सुंदरी. बदलली नव्हती ती फक्त आई. नवरा अर्ध्या जेवणावरून उठून कायमचा निघून जातो, तरी डोळ्यांतून टिपूस न काढणारी, दगडी काळजाची बाई. तो असा का उठला, हे कादंबरी संपेपर्यंत त्यातल्या मुलीला कळत नाही. ओदचे वडील असेच गेले होते; का, ते तिलाही कधी कळलं नव्हतं.

पुस्तक आलं तेव्हा आई, मार्सेलीन, म्हणाली होती, वाचणं डोळ्यांना झेपत नाही, सिनेमा निघाला तर बघू. ओदला हायसं वाटलं होतं. आपल्या पुस्तकावर सिनेमा कोण काढतंय! दर रविवारी ती आईकडे जेवत राहिली. आज ते रविवार टांगणीला लागले होते.

"ही बाई चालते कशी," आई अंधारात म्हणाली, "बूट चावत असल्यासारखी."

"आई, हळू."

"आणि शेळ्या कुठायत?"

मग पडद्यावर ती संध्याकाळ आली. नटीने सूप वाढलं आणि नवऱ्यापुढे पाव ठेवला. पालथा.

प्रेक्षकांत चुकचुक झाली. पूर्वी बेकरीवाले जल्लादाच्या वाटणीचा पाव असा ठेवत; घरच्या टेबलावर तो अपशकुन. अजूनही तो तसा दिसला की गावातल्या म्हाताऱ्यांचा हात तो सुलटा करायला आपोआप पुढे होतो. पॅरिसहून आलेल्या मंडळींना कोण सांगणार? आईची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळली. ओदला बरंच वाटलं. आता म्हातारी पावावरून भांडेल आणि बाकीचं निभावून जाईल.

सिनेमा संपून वाइनचे पेले फिरू लागताच आई थेट दिग्दर्शकासमोर जाऊन उभी राहिली. तो तोवर चौघांची माफी मागून दमला होता. पावाची चूक झाली खरी, तो आपणहूनच म्हणाला.

"चूक कसली?" आई म्हणाली. "तेवढंच तर बरोबर आहे."

तो अदबीने हसला आणि दुसरीकडे वळला. आईने पर्ससाठी हात पुढे केला.

"मीच ठेवला होता तसा. तुझ्या बापापुढे. त्याने पाहिला आणि उठला." ती कोटाची बटणं लावू लागली. "तुझं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे. पुस्तकात माझ्या भुवयासुद्धा आहेत. पाव नाही."

ओदच्या हातातली पर्स हातातच राहिली.

"तू वाचलंयस?"

"डोळ्यांना त्रास झाला."

बाहेर पडताना आईने नेहमीसारखा तिचा दंड धरला. पायऱ्या उतरून झाल्यावर ती म्हणाली,

"रविवारी पाव तू आण."

"कसला आणू?"

"कसलाही. तू ठेवशील तसा खाऊ."