थप्पड ब्याण्णव टक्क्यांवर अडकली

माझ्या थोरल्या भावाने बनवलेलं कुलूप एकदा एका चोराने फोडायला घेतलं, आणि उघडेपर्यंत बिचारा इतका दमला की त्याच घरात घोरत पडला. मालकाने चहा देऊन उठवलं त्याला. खोटं वाटत असेल तर चोरालाच विचारा. आता तो दादाचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे.

दादाचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा, आणि धंद्यात नेम एकच. मालकाच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय कुठल्याही किल्लीची नक्कल करायची नाही. वहिनी स्वतःच्या घराची किल्ली घेऊन दुकानात गेल्या, तर नवऱ्याने विचारलं, "घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या," वहिनी म्हणाल्या. मग दिली करून.

तर या वहिनींनी लग्नाआधी एका सिनेमात काम केलं होतं. बाजारात खलनायक त्यांना धक्का मारतो आणि त्या त्याच्या कानाखाली आवाज काढतात, एवढंच. सिनेमा असा आपटला की म्हणे मध्यंतरात पडदासुद्धा उठून घरी गेला. त्यानंतर तो सिनेमा कुणाच्या नजरेस पडला नाही. वहिनींची थप्पड मात्र घरात रोज वाजायची आणि वर्षागणिक जोर धरायची. हल्ली खलनायक टोपल्यांचे ढीग ओलांडून पलीकडे पडत होता.

वहिनींची धाकटी बहीण मात्र दर वेळी म्हणायची, "ताई, जरा हळू फेक. कुणाला तरी लागेल."

एके दिवशी वहिनींना ते झोंबलं. "रविवारी ये. सिनेमाच दाखवते. नाही दाखवला तर पुन्हा त्याचं नाव काढणार नाही."

दादाचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, ती खरंच गप्प बसली तर? माझ्या घरात बोलणारं दुसरं आहे कोण?"

दुकानाशेजारच्या झेरॉक्सवालीने सिनेमा शोधून काढला. दादाच्या कॉम्प्युटरवर टॉरंट सुरू करून दिलं आणि म्हणाली, "काका, हा एका जागेवरून येत नाही. जगभर कुणाकुणाकडे याचे तुकडे आहेत. जो तो आपल्याकडचा तुकडा दुसऱ्याला देतो. तुमच्याकडे आलेले तुकडे तुम्हीही देत राहायचे."

"मी दिले तर माझ्याकडचे जातील की."

"तुम्ही नक्कल करून दिलीत म्हणून मूळ किल्ली जाते का?"

दादाला ते पटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. किल्लीचं नाव निघालं की त्याला नेम आठवतो. ती गेल्यावर त्याने कॉम्प्युटर चाचपून 'देण्याचा वेग' लिहिलेला रकाना शोधला आणि तिथे शून्य टाकलं. वर दुकानाचं शटरही अर्धं ओढून घेतलं.

शनिवारपर्यंत सिनेमा किती आला ते दाखवणारी हिरवी पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर येऊन बसली. हलेना. जेवढा आला होता तेवढा आम्ही लावून पाहिला. भाजीबाजार आला, खलनायक आला, आणि वहिनी दिसणार तोच चित्राची गोधडी झाली.

"भावजी, माझीच थप्पड राहिली?" वहिनींनी मला विचारलं. आवाज इतका बारीक की मी प्रथमच घाबरलो.

झेरॉक्सवालीला बोलावलं. तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काका, शून्य कुणी टाकलं?"

"मी. कोण कुठली माणसं, मी कशी देऊ नक्कल? मालकाला विचारलंय का?"

"अहो, जो देत नाही त्याला लोक रांगेत शेवटी उभं करतात. राहिलेले तुकडे समोरच्यांकडे आहेत, पण तुमचा नंबर कोण लावणार?"

"नेम म्हणजे नेम," दादा म्हणाला.

वहिनी उठल्या आणि बहिणीला रविवारी येऊ नको म्हणून सांगायला फोन शोधू लागल्या. ते पाहून दादा कासावीस झाला, पण शून्याला हात लावीना. असा माणूस बुडत्या होडीलाही आधी कुलूप लावील.

झेरॉक्सवालीने तोवर सिनेमासोबत आलेला मजकूर उघडला. निर्मात्याने स्वतः लिहिलं होतं: 'हा सिनेमा कुणी विकत घेतला नाही. आता फुकट सोडतो आहे. हवा त्याने घ्यावा, आणि घेतला की पुढच्याला द्यावा.'

दादाने चष्मा पुसून तो मजकूर दोनदा वाचला. "मालकच सांगतोय की." आणि शून्य खोडलं.

आधी दादाकडचे तुकडे निघाले. कुठल्या कुठे गेले देव जाणे. मग समोरून एक आला, मागून दुसरा, आणि आमचा चहा होईपर्यंत पट्टी भरली.

रविवारी बहीण पुढच्याच खुर्चीत बसली. बाजार आला, खलनायकाने धक्का मारला, आणि कोवळ्या वहिनींनी हात उगारला. हात त्याच्या गालापासून वीतभर लांबून गेला. तो आपला आपणच पडला, तोही अंमळ उशिरा.

बहिणीने तोंड उघडलं.

"लागली," दादा म्हणाला. "मी आवाज ऐकला."

"मीही," मी म्हणालो. माझं आयुष्य असल्याच साक्षी देण्यात गेलंय.

बहीण हसत सुटली. "बरं बाई, होतीस तू सिनेमात. हे मात्र खरं."

"आता चांगल्या प्रिंट कुठे मिळतात," वहिनी म्हणाल्या आणि थप्पड पहिल्यापासून सांगायला बसल्या.

दुकानाला दादा आजही तीन कुलपं लावतो. आतला कॉम्प्युटर मात्र बंद करू देत नाही. विजेचं काय म्हणून विचारलं तर म्हणतो, "असू दे. तिकडे कुणाचीतरी थप्पड अडकली असेल."