रिकाम्या पोटी गोळी

बुआखामच्या जिवाला थारा नव्हता. दवाखान्याच्या बाकावर ती बसायची, उठायची, पुन्हा बसायची. एचआयव्हीच्या गोळ्या चोवीस वर्षं न चुकता घेऊनही या खेपेला रक्तात विषाणू दिसला होता. आज रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा कळणार होता.

वान्ना नर्स कागद घेऊन आली. "मावशी, खरं सांगा, संध्याकाळची गोळी कशाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने माझं अष्टशीलाचं व्रत असतं ना, दुपारी बारानंतर घास नाही."

वान्नाने कपाळावर हात मारला. "अहो, ही नवी गोळी भरल्या पोटीच अंगी लागते! सांगितलं होतं की."

"मला वाटलं, पोट दुखू नये म्हणून सांगतेस. माझं कुठं दुखतं?"

"धन्य आहे तुमची!"

"आकडा सांग बाई आधी."

"सहाशे चाळीसचा पाचशे दहा झालाय. ताकद आहे अजून. पण विषाणू गोळीला सरावलाय का, ते महिन्याने कळेल. डॉक्टर म्हणालेत, आजपासून गोळी सकाळच्या जेवणाबरोबर घ्या. म्हणजे व्रतही राहील."

महिना! बुआखाम उठली. घड्याळात साडेअकरा वाजले होते. तिने फाटकाबाहेर चिकट भात आणि भाजलेला मासा घेतला. बाराच्या आत तिने सगळं संपवलं, गोळी गिळली आणि मगच हात जोडले.