धोंड्याचं वाण

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, वाण द्यायचं. ताईच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, त्यामुळं आई नुसती हवेत. चांदीची अंगठी करायची म्हणून सोनाराला विचारूनसुद्धा आली होती. दाजी पाय पुसता पुसता म्हणाला, मामी, मला वस्तू नको, मागची खोली द्या थोडे महिने. आई खुश झाली. तिला वाटलं लेक-जावई राहायला येणार.

आला टेंट.

ती खोली माझी होती. अकरावीत सरांनी सगळ्यांसमोर माफी माग म्हटलं, मी त्यांच्या टेबलावर दप्तर आपटून घरी आले ती परत गेलेच नाय. तेव्हापासून त्या खोलीत ब्लाऊज शिवायचे, तिथंच झोपायचे. आता मशीन किचनमध्ये, मीपण किचनमध्ये, सिलेंडरला पाय लावून. आणि माझ्या जागेवर कपाटाएवढा काळा तंबू. आतून चांदीसारखा चकचकीत, पुढं बॅगेसारखी चेन, आत डोळे फुटतील असा लाईट, आणि खिडकीतून बाहेर काढलेला जाडजूड पाइप. दाजीनं आईला सांगितलं, द्राक्षाच्या नव्या जातीची रोपं आहेत, कंपनीचं ट्रायल आहे, गल्लीत बोलू नका.

मी पान बघितलं आणि ओळखलं. रिक्षांच्या मागं ज्याचं स्टिकर असतं तेच पान. आख्ख्या सिडकोत ते न ओळखणारी एक माझी आई.

तिला लगेच सांगितलं. म्हटलं, गांजा आहे हा, आणि घर तुझ्या नावावर आहे. सापडला तर तुला नेतील, त्याला नाय. ती अंबडला कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते, पहाटे जाते, दुपारी येते. पप्पा गेल्यावर तिच्याकडं काय उरलं तर या दोन खोल्या. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जावयाबद्दल असं बोलशील तर जीभ हासडीन. पुढं म्हणाली, दिलेलं वाण परत मागत नसतात.

दाजीचं नाव रविराज, पण मी मनातसुद्धा घेत नाय. दिंडोरी रोडला द्राक्षाच्या औषधांच्या दुकानात आहे. बागायतदारांना सल्ले देतो, त्यामुळं जगात त्याला सगळंच येतं. मी शिवत असले की मागून जाताना म्हणायचा, काय मॅडम, बोर्डात पहिल्या आल्या का? आणि हसायचा. मी तोंडावर तुम्ही म्हणायचे, तेवढी आईची भीती.

झाडांना फुलं धरली तेव्हा तो एका दुपारी प्लास्टिकचा कप घेऊन आला. बागेत बायका द्राक्षाचा घड कपात बुडवतात ना, तसा त्यानं एकेक शेंडा वाकवून बुडवला. कपात जीए. घड लांबावा, मणी फुगावा म्हणून मारतात ते औषध. मी दारात उभी होते म्हणून मलाच ऐकवलं. मोबाईलवर शिकवणाऱ्या पोरांना काय कळतं, म्हणे. मी एक्स्पोर्टचे प्लॉट काढलेत. घड तो घडच.

पुढं त्या शेंड्यांत पिवळी, बारक्या केळ्यांसारखी फुलं लटकायला लागली. मी मोबाईलवर शोधलं. ती नराची फुलं. त्या औषधानं मादीच्या झाडालाच नराची फुलं येतात, मग सगळीकडं बी धरतं, आणि बी धरलं की मालाला कुणी हात लावत नाय. मी गप्प बसले. म्हटलं, होऊ दे वाटोळं. एकदा वाटोळं झालं की टेंट जाईल.

तो मात्र रोज चेन उघडून अंगठ्यानं दाबून बघायचा आणि ताईला फोनवर सांगायचा, मणी धरलेत गं, फुगवण जोरात आहे. मी किचनमध्ये ओढणी तोंडात कोंबून बसायचे.

वास मात्र लपेना. वास शोषायला पाइपला कोळशाचा डबा लावला होता, तरी चिचुंद्री मेल्यासारखा वास गल्लीभर. त्यात नवरात्र आलं. आईनं घट बसवला, ऊद जाळून जाळून घर धुरकट केलं. दाजी घटाकडं बघून म्हणाला, आतपण एक बसवलाय मामी, त्यालाही नमस्कार करा. आई कसनुसं हसली. मला त्याच्या टाळक्यात तांब्या घालावासा वाटला. समोरची पिंकीची आई रोज घटाला फूल वाहायला यायची आणि नाक वर करून घरभर बघायची. एकदा म्हणालीच, तुमची ड्रेनेज तुंबली वाटतं, मी महापालिकेत आमच्या दिराला सांगते, बघून जाईल. आई म्हणाली, नको, उंदीर आहे. खोटं बोलताना तिचा आवाज फाटला. तेव्हा मला कळलं, तिला सगळं माहीत होतं.

सातव्या माळेला दाजी दुपारीच आला, तोंड पाडून. कुणातरी दोस्ताला नमुना दिला होता. त्यानं त्यातल्या बिया मोजून तोंडावर फेकल्या म्हणे. मला वाटलं, झालं, सुटलो. आईनं त्याला साबुदाण्याची खिचडी वाढली, तर दोन घास खाल्ल्यावर त्याचं तोंड परत खुललं. म्हणाला, मामी, एका अर्थी बरंच झालं. बी फुकटात मिळालं, ढीगभर. आता दुसरा टेंट आणतो, पुढच्या खोलीत लावू. घट उठला की.

मी मशीन थांबवलं. म्हटलं, पुढच्या खोलीत काय, मागचापण आज बाहेर काढायचा.

"तुला कोण विचारतंय गं शाळासोडे?"

"गांजा आहे तो. आईला जेलात घालाल."

समोरच्या ओट्यावर पिंकीची आई गहू निवडत होती, त्यामुळं आम्ही दोघंही हळू बोलत होतो. एवढं हळू भांडण मी आयुष्यात केलं नव्हतं. दाजीनं चमचा ताटात ठेवला आणि माझ्याकडं न बघता आईकडं बघून हसला.

"खरंच आहे तिचं. घर तुमच्या नावावर आहे ना मामी? मग संभाळून बोलायला शिकवा हिला. पोलीस आले तर मी काय, मी पावणा."

मी पाण्याचा ग्लास त्याच्या ताटात फेकला. खिचडी, शेंगदाणे, दही, सगळं त्याच्या शर्टवर. आई उठली आणि तिनं मला कानाखाली मारली. कान वाजला. मग तिनं किचनच्या ओट्याखालून विळी काढली, हाताला पदर गुंडाळला आणि मागच्या खोलीत गेली. चेन सर्रकन उघडल्याचा आवाज आला.

दाजी धावला. मीपण. आई खाली बसून विळीवर भाजी चिरावी तशी झाडं बुडापासून चिरत होती. लाईटमध्ये तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

दाजी दबक्या आवाजात म्हणाला, "मामी, वाण आहे ते. दिलेलं परत घेता?"

"पोरगी दिली, खोली दिली," आई म्हणाली. मान वर केली नाय. "आता मलापण देऊ होय?"

त्यानं विळीकडं हात नेला, तिच्या हातातला झटका बघून मागं घेतला. ओरडता येत नव्हतं त्याला. ओरडला असता तर पिंकीची आई आली असती, मागून आख्खी गल्ली. नुसता दात खात उभा राहिला. मग टेंटचे पाइप खोलले, लाईट गोणीत भरला आणि ओल्या शर्टावर जॅकेट घालून गाडीला किक मारली.

आई आणि मी पानं, फुलं, बिया, सगळं ड्रममध्ये फिनेलच्या पाण्यात कुजवलं. माझा गाल सुजला होता, तिनं बघितलंसुद्धा नाय.

ताईनं फोन करून मला संसारमोडी म्हटलं आणि नंबर ब्लॉक केला. आणि आईनं, दसऱ्याला जावयाला जेवायला बोलावलं. मी भांडले तर म्हणाली, जावई आहे तो, मरेपर्यंत आहे.

आला. सोनं दिलं, आईच्या पाया पडला, पाटावर बसला. आईनं पुरणपोळीवर तूप वाढलं. खाता खाता त्याचे डोळे मागच्या खोलीकडं गेले. मी तिथल्या उंबऱ्यात ताट घेऊन बसले होते. आई म्हणाली, तृप्ते, उठ, दाजींना हात धुवायला मोरीकडं जायचंय.

मोरीला पुढच्या दारानंपण जाता येतं. मी बसूनच राहिले, आणि पोळी खाल्ली.