तीन नंबरची फणी

वाल्मिकने दातांनी चिकटपट्टी तोडली, कंगव्याचा कापलेला तुकडा केस कापायच्या मशिनीच्या तोंडाशी चिकटवला आणि त्यावर कारखान्यातल्या सुताचे सात-आठ वेढे आवळले. मशिनीबरोबर आलेल्या तिन्ही फण्या कधीच मोडून गेल्या होत्या. लॉकडाउनपासून तो केस घरीच कापत होता, आणि सुरतेतल्या एकाही न्हाव्याला केस कापता येत नाहीत असं त्याचं ठाम मत झालं होतं.

"हाई झाली तीन नंबरनी फणी," तो आरशाला म्हणाला.

"आज ऱ्हाऊ द्या ना," स्वयंपाकाच्या ओट्याजवळून उज्ज्वला म्हणाली. "आबासले लेवाले जानं शे. बारा वाजता गाडी उधन्याले येस."

"दहा मिनिटं. नही तं आबा देखताच म्हनतीन, झिपऱ्या कसाले वाढाई ठेवल्यात."

उज्ज्वलाने कपाळाला हात लावला नाही, कारण हाताला कणीक होती. या माणसाशी वाद घालणं तिने केव्हाच सोडलं होतं. कारखान्यात तो पन्नास लूम सांभाळायचा, पण नवागामच्या या दीड खोलीतली एक वस्तू त्याने कधी धड दुरुस्त केली नव्हती. नुसती बांधून ठेवायची. मिक्सरचं झाकण बांधलेलं, नळ बांधलेला, पंखा तर काडीने ढकलल्याशिवाय फिरत नसे.

मशीन पहिल्या फेरीत छान सरकली. दुसऱ्या फेरीत घामाने चिकटपट्टी सुटली, सूत सरकलं, कंगव्याचा तुकडा मोरीत पडला आणि उघडं पातं कपाळापासून थेट टाळूपर्यंत गेलं. मशीन बंद करून वाल्मिक आरशात पाहत राहिला. डोक्याच्या मधोमध दोन बोटं रुंदीची पांढरी वाट पडली होती. बाजूचे केस त्याने तिच्यावर ओढून पाहिले. वाट काही झाकेना.

"हाई काय करी टाकं तुम्ही!" उज्ज्वला धावत आली.

"आते सगळंच काढनं पडी. मांगलं माले दिसत नही. तू धर मशीन."

"मी?" ती दोन पावलं मागेच सरली. "आबा जित्ता शेतस आनि मी तुमनं डोकं भादरू? मी हात लावाव नही."

तिचं खरंच होतं. त्यांच्याकडे मुलगा डोकं भादरतो ते बाप गेल्यावर. आणि आबा म्हणजे वाल्मिकचे वडील सुपडू पाटील, शकुन-अपशकुनाला जगात त्यांच्याइतकं घाबरणारं कोणी नसेल. दोन वर्षं हर्निया घेऊन बसले होते. ऑपरेशन आता टाळू नका, आतडं अडकलं तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या वेळी ते दोंडाईचा स्टेशनपर्यंत आले होते, तिथे कोणीतरी सहज "कुठे निघाले?" म्हणून विचारलं, आणि ते तिथूनच परत फिरले. या वेळी महिनाभर फोनवर हातापाया पडून वाल्मिकने त्यांना गाडीत बसवलं होतं. उद्या सकाळी दाखल करायचं होतं, आणि आज मुलाने हे असं डोकं करून ठेवलं होतं.

शेवटी मोरीत उकिडवं बसून वाल्मिकने आपलं आपणच सगळं काढलं. समोरच्या खोलीतल्या इंदुबाईने उघड्या दारातून त्याला तसं पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि काही न विचारता ती घरात निघून गेली. त्या धांदलीत दोघांचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. कापड-व्यापाऱ्याने दिवाळीला वाटलेली निळी टोपी कानांपर्यंत ओढून वाल्मिक उधना स्टेशनला पळाला.

"टोपी कसाले रे?" गाडीतून उतरताच आबांनी विचारलं.

"ऊन लागस, आबा."

रिक्षात प्रत्येक खड्ड्याला आबा पोटावर हात दाबून धरत होते. घरी आल्यावर ते भिंतीला टेकून बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा मुलाकडे पाहू लागले.

"घरमा बी ऊन शे का?"

उज्ज्वलाने घाईघाईने चहाची बशी त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात दारातून हुंदका आला. एका हाताने खिचडीचं पातेलं सावरत इंदुबाई आत शिरत होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून ती रीतीप्रमाणे शिजवून घेऊन आली होती.

"कवय गयात वं आबा? परवा तं तू सांगे, सुरतले येनार..."

मग तिची नजर भिंतीकडे गेली.

आबांनी बशी शांतपणे खाली ठेवली. "मी तं आठेच शे, बाई."

इंदुबाई पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. उज्ज्वलाला इतका संताप आला की ती मशीन, ते सूत आणि नवरा, तिन्ही एकदम गॅलरीतून खाली फेकावीत असं तिला वाटलं. आबांनी एकवार पातेल्याकडे पाहिलं, एकवार मुलाकडे.

"टोपी काढ."

"आबा, फणी निसटनी. मी फक्त बारीक कराले..."

"काढ."

वाल्मिकने टोपी काढली आणि मान खाली घातली. पाच वाजता परतीची गाडी होती. आबा आता पिशवी उचलणार, आणि या वेळी गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

आबांनी मान पुढे करून ते डोकं निरखलं.

"मी गयावर असा दिसशी तू," ते म्हणाले. "तवय देखाले मी थोडाच ऱ्हासू?"

ते इंदुबाईकडे वळले.

"खिचडी ठी दे वं, बाई. भूक लागेल शे." मग त्यांनी वाल्मिकला जवळ बोलावलं, समोर बसवलं आणि त्याच्या डोक्यावरून सावकाश हात फिरवला. कानामागे बोटं थांबली. "आठे राही गयं. मांगे बी शे. मशीन आन."

उज्ज्वलाने वाल्मिककडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हा तिने मशीन आणून दिली. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली. चालू कशी करायची ते वाल्मिकने दाखवलं. आयुष्यभर बैलांची शिंगं तासत, साळत आलेला तो हात त्याच्या मानेवर टेकला, आणि लहानपणी धरायचे तसं त्यांनी त्याचं डोकं पुढे वाकवलं.

"सकाळे दवाखानामा कितला वाजता जानं शे?"

"सात," वाल्मिक म्हणाला.

"मान हालाडू नको," आबा म्हणाले.