पस्तीस सापडले

मी कॉम्प्युटरची एक कमांड बोलतेय. मला ना चेहरा, ना बटण, ना रंगीत चित्र. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप करा, काय शोधायचं ते पुढे लिहा आणि एंटर दाबा, की मी सुटलेच. दम धरणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा हेही धावतपळतच सांगते.

एका प्रोग्रामर बाईंनी मला वैतागून लिहिलं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदींच्या फाइली त्यांच्या गळ्यात पडल्या होत्या. त्या फाइलींत प्रत्येक गोष्टीला टॅग, म्हणजे वर नाव लिहिलेला डबा. 'रुग्ण'च्या आत 'औषध', 'औषध'च्या आत 'बॅच'. साधा शोध नुसती ओळ आणून पुढ्यात टाकायचा. औषध सापडायचं, पण ते कोणाचं याचा पत्ता नसायचा.

"मला ओळ नको, माणूस हवाय!" बाई पडद्यावर खेकसल्या आणि दोन आठवड्यांत माझा जन्म झाला. मी डब्याडब्यांतून आत उतरते आणि माणसाला घेऊनच वर येते.

पुढे बाई नोकरी सोडून गेल्या. मला फारसं कोणी विचारेना. जे विचारत, ते माझं नाव चुकीचं टाइप करत आणि वर मलाच नावं ठेवत.

मग एका सकाळी फार्मासिस्ट धापा टाकत आले. डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बॅच दूषित निघाली होती. ज्यांना ते थेंब दिले, त्यांना ताबडतोब फोन करायचा होता. कॉम्प्युटर विभागातल्या मॅडमनी मला विचारलं, "'औषध'च्या आतल्या 'बॅच'मध्ये हा नंबर कुठे कुठे आहे?" मी चुटकीसरशी पस्तीस नावं काढून दिली. पस्तीस फोन झाले. "सुटलो बुवा!" म्हणत फार्मासिस्ट चहाला गेले.

दुपारी स्टोअरकीपर दारात उभे. "अहो, छत्तीस बाटल्या गेल्यात. मी दोनदा मोजलं."

मॅडमनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा पस्तीस. तिसऱ्यांदाही पस्तीस. दाखवलेल्या डब्याबाहेर मला डोकावता येत नाही.

तेवढ्यात नोंदणीच्या टेबलावरच्या मावशी पुढे आल्या. "अगं, मध्ये एक दिवस तो बॅचचा रकाना उघडतच नव्हता. एका पोरीच्या वेळी मी नंबर शेऱ्यात टाकला. शेऱ्यात बघितलंस का?"

कोणीच बघितलं नव्हतं. मॅडमनी प्रश्न बदलला, "कुठल्याही डब्यात बघ." मी गेले आणि आले. छत्तिसावं नाव सात वर्षांच्या मुलीचं होतं.

फोन तिच्या वडिलांनी उचलला. "थेंब ना? बाटली आजच उघडली. आत्ता उजव्या डोळ्यात घातले, डाव्यात घालायचेत."

"घालू नका!" फार्मासिस्ट ओरडले. "डोळा पाण्याने धुवा, धुतच राहा, आणि तसेच निघून या!"

मावशी रडल्या. मॅडम म्हणाल्या, "कमांडला विचारलं तेवढं तिने सांगितलं." तेच तर मला खातंय. मी पस्तीस म्हणाले आणि सगळ्यांनी ते 'एवढेच' असं ऐकलं.

ती मुलगी आली. पुढचं तिच्या फाइलीत लिहिलेलं असणार, 'तपासणी'च्या आत, 'उजवा डोळा' या डब्यात. वाट मला पाठ आहे, पण त्यानंतर दवाखान्यात नवा प्रोग्राम आला आणि मला कोणी काही विचारलंच नाही. कोणीतरी माझं नाव टाइप करा हो. फक्त एवढंच विचारा, तिला त्या डोळ्याने दिसतं का?